सिगडीत काय घालायचं, लाकूड की कोळसा?

रमजानच्या महिन्यात असरची नमाज झाली की सिगड्या पेटू लागतात. मगरिबच्या अजानला अजून अवकाश असतो. रोजा सोडायला खजूर आणि घोटभर पाणी पुरतं, पण इफ्तारीला सीख कबाब ठेवायचे असतील तर आग आधीपासून धरावी लागते. आणि आग म्हटली की वाद आलाच. एकाचं म्हणणं, लाकडाच्या धुराशिवाय कबाबला चव नाही. दुसरा म्हणतो, लाकडावर मांस नुसतं काळं होतं, कोळसाच हवा. तिसरा, बहुधा ज्याला रोज ती सिगडी फुंकावी लागते तो, म्हणतो की गॅस लावा आणि मोकळे व्हा.

गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीसारख्या गावात हा वाद नुसता चवीचा राहत नाही. मुंबई-कोलकाता महामार्गावरचं हे तालुक्याचं गाव. याच जिल्ह्यात अर्जुनी मोरगावही आहे, त्यामुळे नावातली ‘सडक’ कामाची. उत्तरेला नागझिरा, दक्षिणेला नवेगावबांध. ही जंगलं मिळून डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, आणि एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाणारी वाघाची वाट याच महामार्गाला आडवी जाते. बाहेरच्याला वाटेल, इथे लाकडाला काय तोटा! हात लांबवला की सरपण. प्रत्यक्षात हाताशी दिसणाऱ्या या लाकडाला कायदा आहे, धोका आहे आणि किंमतही आहे. कोळशाच्या पोत्याला किंमत दिसते, बाकीचं सगळं पोत्यात शिवलेलं असतं.

महामार्गावरून जाताना हल्ली धाब्यांवर ‘चुलीवरचं मटण’ अशी पाटी दिसते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणी अशी पाटी लावली असती तर लोक हसले असते. मटण चुलीवर नाही तर कशावर शिजणार? गॅस घरोघर आला तेव्हा धूर ही चैनीची गोष्ट झाली. पण पाटीवरच्या त्या चुलीत नेमकं काय होतं, आणि सिगडीवर काय होतं, यात मोठा फरक आहे. तो समजला की अर्धा वाद तिथेच मिटतो.

लाकूड पेटवलं की सगळ्यात आधी त्यातलं पाणी उडतं. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असू शकतं. उन्हात चांगलं वाळलेल्या लाकडातही पंधरा-वीस टक्के उरतं. पाणी गेल्यावर लाकूड तापून त्यातून वायू सुटतात. ते वायू पेटले की ज्वाळा दिसते, न पेटता निसटले की धूर दिसतो. धुराचा जो खास वास आपण ‘चुलीचा वास’ म्हणून ओळखतो, तो लाकडातल्या लिग्निन नावाच्या घटकापासून येतो. लिग्निन तापून फुटलं की ग्वायाकोल आणि सिरिंगोल ही वासाची द्रव्यं तयार होतात. त्यांच्याच सोबत काजळी आणि डांबरासारखा चिकट, कडवट थरही येतो. वास हवा आणि काजळी नको, असं लाकडाला सांगता येत नाही. ते फक्त आग सांभाळणाऱ्याला थोडंफार जमतं.

कोळसा म्हणजे हेच लाकूड, पण त्याचा धूर आधीच निघून गेलेला. भट्टीत लाकडाचे ओंडके रचतात, पालापाचोळा आणि मातीने लिंपून टाकतात, आत हवा अगदी बेताची सोडतात. लाकूड धड जळत नाही, नुसतं करपत राहतं. पाणी जातं, वायू जातात, उरतो तो कार्बन. म्हणून किलोभर कोळशात किलोभर सुक्या लाकडाच्या जवळपास दुप्पट उष्णता असते. आणि म्हणूनच नीट पेटलेल्या निखाऱ्याला स्वतःचा असा वास फारसा नसतो.

मग सीख कबाबला तो वास येतो कुठून?

खिम्यातून. मटणाच्या खिम्यात चरबी असते, आणि मुरलेला कबाबवाला ती काढून टाकू देत नाही. खिमा फारच सुका असेल तर वरून घालायला लावतो. सीख तापली की चरबी वितळते, थेंब निखाऱ्यावर पडतो, चर्र होतं, आणि त्या थेंबाचा धूर उलटा वर येऊन कबाबालाच लपेटतो. गल्लीच्या टोकापर्यंत पोचतो तो वास कोळशाचा नसतो, मांसाच्या स्वतःच्या चरबीचा आणि मसाल्याचा असतो. चिकनच्या तुकड्यांत चरबी कमी, म्हणून त्यावर तेलाचा किंवा लोण्याचा हात फिरवत राहतात. तो हात फक्त मऊपणासाठी नसतो, धुरासाठीही असतो.

सीख भाजायला आठ-दहा मिनिटं लागतात. एवढ्या वेळात लाकडाचा चांगला धूर मांसात उतरत नाही, वरवर काजळी मात्र बसते. अमेरिकेत टेक्सासच्या बाजूला गाईच्या छातीचा मोठा तुकडा ओक किंवा हिकरीच्या लाकडावर दहा-बारा तास धुरवतात. आच ११०-१२० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे भाजणं कमी आणि मुरवणं जास्त. तिथे लाकूडच हवं, कारण धुराला वेळ मिळतो. बोटाएवढ्या जाडीच्या सीखेला तो नियम लावण्यात अर्थ नाही. लाकडावर कबाब करणारा जाणकारही आधी लाकूड जाळून त्याचे निखारे पाडतो आणि मग सीखा मांडतो. म्हणजे कोळसाच, फक्त जागेवर केलेला.

इफ्तारीच्या वेळी गाडीवर गिऱ्हाईक आणि कबाबवाला यांच्यात होतं ते बोलणं ठरलेलं असतं. “भाईजान, लावा ना आता, अजानला पाचच मिनिटं राहिली.” “दादा, थांबा जरा. अजून काळे आहेत, पांढरे होऊ द्या.” यात सगळं शास्त्र आलं. कोळशावर राखेची पातळ पांढरी साय चढली की समजायचं, आतलं उरलंसुरलं धुराचं द्रव्य जळून गेलं आणि आच सारखी झाली. त्याआधी लावलेल्या सीखेला अर्धवट पेटलेल्या कोळशाचा वास लागतो. ज्वाळेवर धरलेलं मांस बाहेरून करपतं, आत कच्चं राहतं, आणि करपलेला काळा भाग आरोग्यालाही बरा नाही. तो खरवडून टाकावा.

देगचं मात्र वेगळं आहे. देगमध्ये मांस झाकलेलं असतं, धूर आत जातच नाही किंवा अगदी थोडा जातो. तिथे लाकडाचं काम वासाचं नाही, आचेचं आहे. हैदराबादच्या हलीमला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते हलीम विटा-मातीच्या भट्टीवर, तांब्याच्या देगमध्ये, लाकडाच्या आचेवर तासन् तास शिजवण्याची आणि घोटण्याची रीत आहे. मोठ्या देगच्या तळाला सगळीकडून लपेटणारी ज्वाळा लागते. ती लाकूड देतं, कोळसा देत नाही. ओंडका पुढे सारला की आच वाढते, मागे ओढला की कमी होते. बावर्ची देगखालचं लाकूड पायानेच सरकवतो, हातात घोटा असतो. विदर्भात मशिदीच्या इफ्तारीला किंवा लग्नाला पुलाव-दालचा करणारे बावर्ची अजूनही लाकूडच मागतात आणि त्यात त्यांचा हट्ट नाही. हंडीला लाकूड आणि सीखेला कोळसा, ही जुनी वाटणी अनुभवातून झालेली आहे.

आता प्रश्न, कोणतं लाकूड?

या भागातल्या जंगलात साग, ऐन (इकडे येनही म्हणतात), धावडा, बीजा, हलदू, तेंदू, मोह, सालई, पळस अशी झाडं आहेत. जळणाच्या दृष्टीने ती सारखी नाहीत. धावडा जड, सावकाश जळणारा, त्याचे निखारे कडक आणि टिकाऊ. कोळशालाही तो उत्तम मानतात. बाभूळ आणि चिंचही त्याच जातकुळीची. पळस हलका, भपकन पेटतो आणि तसाच विझतो. चूल पेटवायला ठीक, देग शिजवायला नाही. सालईत डिंक असतो, धूर काळा आणि वासाचा. मोहाला सहसा कुऱ्हाड लावत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये त्याची फुलं वेचून आणि पुढे टोळी विकून कितीतरी घरांचा वर्षाचा मीठ-मिरचीचा खर्च निघतो. असं झाड दोन दिवसांच्या जळणासाठी कोण पाडणार?

आणि बिब्बा. बिब्ब्याचं लाकूड चुलीत घालू नये हे इकडच्या म्हाताऱ्या माणसांना सांगावं लागत नाही. त्याच्या चिकानं अंगावर फोड येतात, धूरही बाधतो. जळणाच्या मोळीत बिब्ब्याची फांदी चुकून आली तर काढून टाकतात. शहरी सिगडीत याच्याहून वाईट गोष्टी जातात: रंगवलेल्या चौकटीचे तुकडे, प्लायवूड, मालाच्या खोक्यांच्या फळ्या. त्यातला रंग, गोंद आणि वाळवीचं औषध धुरातून सरळ मांसावर बसतं. आरामशीनवरच्या चिपट्या घेताना त्या साध्या लाकडाच्या आहेत ना, एवढं विचारलं तरी पुरे.

विदर्भात ‘कोळसा’ शब्दाचाही एक घोळ आहे. चंद्रपूर, वणी, उमरेडकडे कोळसा म्हणजे खाणीतला दगडी कोळसा. गोंदिया जिल्ह्यातल्याच तिरोड्याच्या वीज केंद्रात जळतो तोही तोच. त्यात गंधक असतं, त्याचा धूर अन्नाला लागू देऊ नये. स्वस्त पडतो म्हणून तो तंदूरमध्ये टाकणारे असतात. कबाब खाताना घशात खवखव आणि जिभेवर गंधकासारखी चव आली तर दोष मसाल्याचा नसावा. सिगडीला लाकडी कोळसाच हवा. तो हलका असतो, एकमेकांवर आपटला तर किणकिण वाजतो, हाताला काळा लागतो आणि मोडला तर आत लाकडाच्या रेषा दिसतात.

धानाच्या या मुलुखात तिसरं एक जळण मुबलक आहे: राईस मिलचा कोंडा. त्याची आच चांगली लागते, पण कोंड्याच्या वजनाच्या पाचव्या भागाएवढी राख मागे उरते आणि ती उडते. झाकलेल्या देगखाली चालेल. उघड्या सीखेखाली कोंडा जाळला तर कबाबवर राखेचाच मसाला.

आतापर्यंत हिशेब चवीचा झाला. त्यात सीखेपुरता कोळसा सरळ जिंकतो: धूर नाही, काजळी नाही, आच सारखी. पण कोळशाचा धूर नाहीसा झालेला नसतो, तो आधीच दुसरीकडे सुटलेला असतो.

साध्या मातीच्या भट्टीत एक किलो कोळसा करायला पाच-सहा किलो लाकूड लागतं, भट्टी नीट सांभाळली नाही तर आणखी जास्त. एका किलो कोळशात दोन किलो लाकडाएवढी उष्णता धरली, तरी निम्म्याहून जास्त उष्णता भट्टीतच गेली. सिगडीजवळ उभं राहिलेल्याला वाटतं, कोळसा स्वच्छ आहे. भट्टीजवळ राहणाऱ्याला तसं वाटत नाही. रायगड, ठाण्याकडची कातकरी कुटुंबं पावसाळा संपला की कोळसा भट्ट्यांवर जातात, पार सोलापूर आणि कर्नाटकापर्यंत. उचल आधी घेतलेली असते, हिशेब मालकाच्या वहीत असतो, आणि हंगाम संपला तरी उचल फिटत नाही. वेठबिगारी देशात १९७६ च्या कायद्याने बंद झाली. तरीही कोळसा भट्ट्यांवरून वेठबिगार सोडवून आणल्याच्या बातम्या अधूनमधून येत राहतात. या भट्ट्यांत बहुतेक वेडी बाभूळ जळते. ती परदेशातून आलेली, पसरत जाणारी, शेतकऱ्याला नको असलेली. झाडाच्या बाजूने पाहिलं तर हा कोळसा जंगल तोडून केलेल्या कोळशापेक्षा बरा. माणसाच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न उरतोच.

मुसलमान घरात मांस आणताना ते हलाल आहे का, हे विचारलं जातं. कुणी कापलं, कसं कापलं, याची खात्री केली जाते. जळणाबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही. खरं तर इस्लामी शिकवणीत जळण आणि मजुरी या दोन्ही गोष्टी फार लांबच्या नाहीत. सूरह वाकियामध्ये माणूस पेटवतो त्या आगीचा आणि ती ज्या झाडापासून येते त्या झाडाचा उल्लेख आहे. ते झाड माणसाने निर्माण केलेलं नाही, याची तिथे आठवण करून दिली आहे. पाठीवर लाकडाची मोळी वाहून विकणाऱ्याला भीक मागणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ ठरवणारी हदीस बुखारीत आहे. मजुराची मजुरी त्याचा घाम वाळण्याआधी द्यावी, ही शिकवण तर मशिदीत नेहमी सांगितली जाते. कोळशाचं पोतं घेताना ते कुठून आलं एवढं दुकानदाराला विचारायला पैसे पडत नाहीत. उत्तर मिळेलच असं नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर दुकानदार पुढच्या वेळी घाऊकवाल्याला विचारतो.

मग सडक अर्जुनीच्या माणसाने आपल्याच जंगलातलं लाकूड आणून आपलाच कोळसा का करू नये? तर करता येत नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार कोळसा हे वनोपज आहे, मग तो जंगलातून आलेला असो वा नसो. राखीव जंगलात कोळसा पाडणं हा त्याच कायद्याच्या २६ व्या कलमाखाली गुन्हा आहे. स्वतःच्या शेतातल्या झाडालाही सरसकट हात लावता येत नाही. १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्याने साग, ऐन, मोह, चिंच, आंबा अशा झाडांना परवानगीशिवाय तोडायला मनाई केली आहे. घरच्या जळणासाठी या भागातल्या गावांना जुना निस्तार हक्क आहे, पण तो घरच्या चुलीसाठी आहे, विकण्याच्या कबाबसाठी नाही. धंद्याला लाकूड हवं तर वन विभागाच्या डेपोतलं किंवा आरामशीनवरचं, पावतीसह. धुऱ्यावरच्या बाभळीची छाटणी हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग.

कायद्यापेक्षा मोठी गोष्ट वाघाची आहे. जंगलालगतच्या गावांत मोळी आणायला जातात त्या बहुतेक बायका. सकाळी लवकर, वाकून, आवाज न करता फांद्या वेचणं; वाघ-बिबट-अस्वलाशी गाठ पडायला याहून वाईट वेळ आणि याहून वाईट पवित्रा नाही. त्यात रमजान सध्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत. हाच काळ जंगलातल्या वणव्यांचा. पानगळ झालेली, जमीन वाळलेल्या पानांनी झाकलेली, मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो आणि ती आग पुढे सरकते. या दिवसांत एखाद्याने रात्री तरावीहनंतर सिगडीतली राख ‘विझली असेल’ म्हणून गावकुसाबाहेर ओतली, तर तिच्या पोटातला निखारा सकाळपर्यंत जिवंत असू शकतो.

घरातल्या चुलीचाही विचार करायला हवा. सहरीला पहाटे उठून जी बाई चूल पेटवते तीच संध्याकाळी इफ्तारीसाठी पुन्हा धुरात बसते, मधले बारा-तेरा तास पाण्याचा घोट न घेता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा धुरामुळे जगात २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसं मेली. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, सिलिंडर घरात आलं. ते पुन्हा भरायला पैसे असतात तेव्हा गॅस, नसतात तेव्हा चूल, असं अनेक घरांत चालतं. रोजाच्या दिवसांत सिगडीजवळ बसणाऱ्यांना आणखी एक शंका सतावते: घशात धूर गेला तर रोजा तुटतो का? हनफी फिकहनुसार नकळत, न टाळता येण्यासारखा धूर गेला तर तुटत नाही; मुद्दाम ओढून घेतला तर तुटतो. म्हणून सिगडी फुंकणीने फुंकण्यापेक्षा पुठ्ठ्याने किंवा सुपाने वारा घालणं बरं. तोंड लांब राहतं.

या महामार्गाला ज्या शहराचं नाव आहे त्या मुंबईत हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. शहराच्या हवेच्या प्रदूषणाबाबतच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. महापालिकेने तंदूर लावणाऱ्या हॉटेलांनाही नोटिसा काढल्या. मुदत ८ जुलै २०२५ ची होती. त्या वर्षीचा रमजान मार्चमध्ये, मुदतीच्या आतच होता, तरी मोहम्मद अली रोडच्या कबाबचं पुढे काय, हा विषय इफ्तारीच्या गप्पांत आलाच. दाटीच्या शहरात, एका गल्लीत शंभर भट्ट्या असतात तिथे, न्यायालयाचं म्हणणं खोटं ठरवणं अवघड आहे. सडक अर्जुनीत भट्ट्या मोजक्या आणि हवा मोकळी, त्यामुळे इथे तसा हुकूम येण्याची भीती नाही. पण चांगला कोळसा महाग होत चालला, लाकूड मिळेनासं झालं, तर हुकमाशिवायही माणूस गॅसकडेच वळतो.

गॅसवर कबाब होतात. सारखे भाजतात, वेळेवर होतात. थेंब पडतो तो पत्र्यावर किंवा नळीवर, तिथेही थोडा धूर होतो, पण निखाऱ्यासारखा नाही. ही कसर भरून काढायची रीत नवी नाही, आपल्या आज्या-खालांना ती ठाऊक होती: धुंगार. मसाला लावून मुरवलेल्या खिम्यात मधोमध कांद्याची जाड पाकळी किंवा छोटी वाटी ठेवायची. एक लाकडी कोळसा गॅसवर लालभडक करून तिच्यात ठेवायचा, त्यावर चमचाभर तूप आणि हवी तर एखादी लवंग. धूर उठला की लगेच घट्ट झाकण. पाच ते दहा मिनिटं. त्याहून जास्त ठेवलं तर वास कडू होतो, ही चूक नवशिके हमखास करतात, कारण त्यांना वाटतं जास्त धूर म्हणजे जास्त चव. मग वाटी काढायची, खिमा सीखेला लावायचा किंवा टिकिया करून तव्यावर भाजायची. वाल्हून काढलेल्या वांग्याच्या भरतालाही हेच चालतं, रोजा नसलेल्या शेजाऱ्यांकडे डब्यात जातं ते बहुधा हेच.

धुंगारात तत्त्व तेच आहे जे सिगडीवर आहे: स्निग्ध थेंब, निखारा आणि झाकलेली हवा. फरक प्रमाणाचा. सिगडीवर वीस सीखांना दोन-तीन किलो कोळसा जातो, म्हणजे भट्टीवरचं दहा-पंधरा किलो लाकूड. धुंगाराला अक्रोडाएवढा एक तुकडा पुरतो. घरच्या दस्तरखानासाठी सहा माणसांचे कबाब करायचे असतील तर सिगडी पेटवण्याचं कारण फक्त हौस उरतं. हौसेलाही जागा असावी. रमजान महिनाभर असतो, जुम्म्याच्या एखाद्या संध्याकाळी सिगडी पेटावीच. रोज पेटवायची गरज नाही इतकंच. गाडीवाल्याचं तसं नाही. त्याला तासाभरात दीडशे सीखा द्यायच्या असतात, तिथे कोळसा हवाच. पण त्यानेही खोल सिगडी टाळून उथळ, लांबट सिगडी वापरली, दोन्ही बाजूंना विटा लावल्या आणि सीख निखाऱ्यापासून चार बोटांवर आणली, तर कोळसा बराच वाचतो.

एक इशारा, कारण फेब्रुवारीत या भागात रात्री अजून गारवा असतो. कबाब झाल्यावर उरलेल्या निखाऱ्यांची सिगडी ऊब म्हणून बंद खोलीत नेऊ नये. कोळशाला धूर नसतो, पण त्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला ना रंग ना वास, आणि झोपेतल्या माणसाला तो उठू देत नाही. सहरीला उठणारं घर सहरीला उठलंच नाही, असं होऊ शकतं.

उरलेले निखारे वाया घालवायचेही कारण नाही. लाकडाची अर्धी जळालेली काठी विझवली की दुसऱ्या दिवशी धूर ओकते. कोळशाचं तसं होत नाही. निखारे चिमट्याने पत्र्याच्या डब्यात टाकून घट्ट झाकण लावलं की हवा न मिळाल्याने ते विझतात, आणि डबा गार झाल्यावर दुसऱ्या दिवशीच्या इफ्तारीला तेच कोळसे नव्या कोळशापेक्षा लवकर धरतात. जे तुकडे बारीक उरतील त्यांवर पाणी, मग ती राख परसातल्या वांग्या-मिरचीच्या वाफ्यात.